बाकरवडीचं पाकीट आणि ३६ हजार फूट

पुण्याहून दिल्लीला निघालेलं विमान. चौदावी रांग. समोरच्या सीटच्या खिशात कुणीतरी खोचलेलं बाकरवडीचं सीलबंद पाकीट. लोहगावला विमान उभं होतं तेव्हा ते जरासं सैल होतं. विमान चढू लागलं तसं ते फुगत गेलं आणि वीस-पंचवीस मिनिटांत उशीसारखं टम्म झालं. मग तास गेला. चहा-कॉफीची ट्रॉली फिरून गेली. आणि आता पाकीट हळूहळू बसायला लागलंय. दिल्ली यायला अजून बराच अवकाश आहे, कॅप्टनची घोषणा नाही, सीटबेल्टचा दिवा लागलेला नाही. पण विमान उतरतंय, आणि सबंध केबिनमध्ये हे फक्त त्या पाकिटाला कळलंय.

विमानात घडणाऱ्या थरारपटाची सुरुवात अशी का होत नाही? बहुतेक वेळा ती पिस्तुलाने होते. गोळी सुटते, खिडकी फुटते, वादळ उठल्यासारखी हवा बाहेर धावते आणि खलनायक कोटासकट ढगांत नाहीसा होतो. मुंबईत असले प्रसंग टाळ्या घेत असतील. पुण्यात मात्र प्रेक्षागृहात निम्मे लोक इंजिनिअर, उरलेल्यांतले काही लोहगावच्या हवाई दलाच्या वसाहतीतले, आणि बाकीच्यांचा भाचा विमान कंपनीत. मध्यंतरात वडापाव खाता खाता त्या गोळीचं पोस्टमॉर्टेम होतं. ते पोस्टमॉर्टेम चुकीचं नसतं, एवढंच नाही. बऱ्याचदा ते पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा जास्त थरारक असतं.

आधी पाकिटाचं पाहू. ३६ हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाव भागाहूनही कमी असतो आणि तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास. केबिनमध्ये हवा भरून दाब वाढवतात, पण जमिनीइतका नाही. तेवढा ठेवायचा तर विमानाचं अंग फार जाड आणि जड करावं लागेल. म्हणून साधारण आठ हजार फुटांवर जितका दाब असतो, त्याच्या खाली तो जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. म्हणजे आत बसलेली माणसं दाबाच्या हिशेबाने कळसूबाईच्या दीडपट उंच डोंगरावर बसून सँडविच खात असतात. पाकिटात मात्र पुण्याची हवा कोंडलेली. बाहेरचा दाब सुमारे एक पंचमांशाने घटला की ती पसरणारच. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचं उलट: वर असताना पिऊन झाकण घट्ट लावलेली बाटली उतरताना कडकड आवाज करत चेपते. कुठलंही उपकरण न दाखवता विमान चढतंय की उतरतंय हे सांगणारे दोन साक्षीदार प्रत्येक रांगेत फुकट बसलेले असतात. तान्ही मुलंही तेच सांगतात. कानात दडे बसले की एकापाठोपाठ एक रडायला लागतात.

उतरण्याचं झालं. वळण्याचं काय? इथे सिनेमावाले हमखास फसतात. अपहरणकर्ता म्हणतो 'विमान वळव', कॅमेरा तिरका होतो, सगळे प्रवासी एका बाजूला कलंडतात, ग्लासातलं पाणी सांडतं. प्रत्यक्षात नीट घेतलेल्या वळणात विमान जेवढं कलतं, तेवढाच शरीरावरचा एकूण जोरही कलतो, आणि तो सरळ जमिनीकडे, म्हणजे विमानाच्या जमिनीकडेच राहतो. ग्लासातलं पाणी ग्लासाच्या काठाशी समांतर. अंग थोडं जड वाटतं, तेही वळण घट्ट असेल तर. डोळे मिटून बसलेल्या माणसाला विमान पूर्ण उलट दिशेला फिरवलं तरी पत्ता लागत नाही.

मग पत्ता लागतो कशाने? उन्हाने. पुण्याहून दिल्ली जवळजवळ उत्तरेला, किंचित पूर्वेकडे झुकलेली. संध्याकाळच्या विमानात ऊन डाव्या खिडक्यांतून येतं आणि उजव्या बाजूच्या लोकांच्या मांडीवर लहान लहान लंबगोल तुकड्यांत पडतं. आता कॉकपिटमध्ये कुणीतरी विमान पश्चिमेकडे वळवायला लावलं. कॅमेरा हलवायचा नाही, कुणाला कलंडू द्यायचं नाही. फक्त ते उन्हाचे तुकडे मांड्यांवरून सरकतात, सीटच्या पाठींवर लांबट होतात आणि विझतात. सूर्य नाकासमोर गेला. वाचत बसलेल्या एखाद्या आजोबांनी पुस्तकातून मान वर करावी, खिडकीकडे बघावं, घड्याळ बघावं आणि काही न बोलता पुस्तक मिटावं. आणखी वळलं आणि उजव्या बाजूने ऊन आलं तर विमान परत दक्षिणेकडे निघालंय. हे सेटवर करायला एक दिवा रुळावरून ढकलणारा एक माणूस लागतो. सबंध केबिन हलवणाऱ्या हायड्रॉलिक चौकटीच्या भाड्यापुढे हा खर्च म्हणजे चिल्लर.

आता गोळी. नऊ मिलिमीटरच्या गोळीचं भोक साधारण पाऊण चौरस सेंटिमीटरच्याही आतलं. केबिनच्या दाबाला त्यातून मिनिटाला जेमतेम पाऊण किलो हवा बाहेर पडते. उलट बाजूने विमानात ताजी हवा किती येत असते? नियमाप्रमाणे माणशी मिनिटाला पाव किलो. बोइंग ७३७-८०० मध्ये दाटीवाटीने १८९ माणसं बसतात. म्हणजे मिनिटाला ४५ किलोच्या पुढे. ही सगळी हवा शेपटीकडच्या एका झडपेतून सतत बाहेर सोडली जाते आणि ती झडप किती उघडी ठेवायची हे यंत्र ठरवतं. गोळीचं भोक पडलं तर झडप किंचित मिटून घेते. बस्स. भोकाशी शिट्टीसारखा आवाज येईल, एखादा टिश्यू पेपर जाऊन चिकटेल. खिडकीतून गोळी गेली तरी काच फुटत नाही, कारण ती काच नसतेच. ताणून मजबूत केलेलं ॲक्रिलिक असतं. आपण ज्याला नाक लावून बसतो तो आतला पातळ पापुद्रा तर केवळ ओरखड्यांपासून बचावासाठी. त्याच्यामागे आणखी दोन थर, आणि मधल्या थराला खालच्या बाजूला मुद्दाम ठेवलेलं बारीक छिद्र. त्या छिद्राभोवती कधीकधी दव धरतं.

गोळीचं खरं भय हवेचं नाही. ती कुणाला लागते आणि पॅनेलमागच्या कुठल्या वायरी तोडते, हे भय आहे. पण वायरी तुटल्याचं पडद्यावर दिसत नाही म्हणून वारा सोडतात.

दाराचंही तसंच. 'दार उघडीन' अशी धमकी ३६ हजार फुटांवर पोकळ आहे, आणि ती का पोकळ आहे हे समजायला महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जावं. आतून झाकण बसणारा कुकर आठवा: झाकण तिरकं करून आत घालायचं, सरळ करायचं, आणि वाफ धरली की तीच वाफ झाकणाला काठावर दाबून धरते. ७३७ चं दार हुबेहूब असंच. उघडताना ते आधी थोडं आत येतं, तिरकं होतं आणि मग बाहेर जातं. वर असताना आत-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस मीटरला पाच टनांच्या पुढे. दारावर एकूण आठ टनांच्या आसपास. तेवढा जोर लावून ते आत ओढणारा नायक अजून जन्माला यायचाय. (कुकरमधला दाब विमानाच्या केबिनच्या जवळजवळ दुप्पट असतो, हे ऐकल्यावर पुष्कळ लोक विमानापेक्षा कुकरला जास्त घाबरायला लागतात. त्यात चूक काही नाही.) जमिनीजवळ आल्यावर गोष्ट बदलते, तिथे फरकच उरत नाही. २०२३ च्या मे महिन्यात दक्षिण कोरियात दायगूजवळ एका प्रवाशाने उतरत्या विमानाचं दार उघडलं, ते सुमारे ७०० फुटांवर. विमान उतरलं, माणसं वाचली. म्हणजे धमकी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत खरी होते. लेखकाने घड्याळ तिथे लावावं.

तरीही विमानांची अंगं उसवली आहेत, आणि त्यातली एक घटना अशी आहे की भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांतल्या माणसाला तिची गोष्ट सांगितली तर तो खुर्चीत ताठ होतो. १० जून १९९०. बर्मिंगहॅमहून मलागाला निघालेलं विमान सतरा हजार फुटांवर असताना कॅप्टनच्या समोरची काच उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला आणि छतावर आपटत राहिला. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, को-पायलटने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जगला. कारण निघालं ते असं: सत्तावीस तास आधी, रात्रपाळीत, ती काच बदलली होती. ९० बोल्ट. जुना बोल्ट हातात धरून स्टोअरमधल्या बोल्टशी डोळ्यांनी ताडून नवे घेतले. ८४ बोल्ट जाडीला ०.०२६ इंच कमी निघाले, म्हणजे मिलिमीटरच्या दोन तृतीयांशाइतके. उरलेले ६ जाडीला बरोबर, पण लांबीला आखूड.

मिलिमीटरचा दोन तृतीयांश! ज्याची सारी उमर व्हर्नियर आणि गो-नोगो गेज ही मापाची हत्यारं हाताळण्यात गेली, त्याला या आकड्यापुढे कुठल्याही बॉम्बचं काय वाटणार? चित्रपटाचा पहिला प्रसंग त्या स्टोअरमध्ये व्हावा. अपुरा उजेड, घाई, चष्मा लावायचा राहिलेला, हातात दोन बोल्ट. खलनायक नाही, पार्श्वसंगीत नाही. मग विमान निघावं आणि प्रेक्षकाने प्रत्येक दचक्याला त्या काचेकडे बघावं. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या ७३७ मॅक्स ९ च्या भिंतीतला दाराएवढा तुकडा सुमारे पंधरा हजार फुटांवर निघून गेला, तेव्हाही उत्तर बोल्टच होतं. त्या तुकड्याला धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यातल्या दुरुस्तीनंतर परत बसवलेच नव्हते. त्या विमानातून उडालेला एक मोबाइल रस्त्याच्या कडेला चालू अवस्थेत सापडला. हे पटकथेत लिहिलं असतं तर निर्मात्याने खोडलं असतं.

अशा वेळी केबिनमध्ये काय होतं तेही पडद्यावर क्वचितच नीट येतं. मोठा धडाका, आणि पुढच्याच क्षणी पांढरं धुकं. दाब एकदम उतरला की हवेतला ओलावा बारीक थेंबांत साकळून धुकं होतं. अनेकांना तो धूर वाटतो. धूळ, कागद, चुरा उडतो. ते बाकरवडीचं पाकीट फुटतं. केबिनमधला दाब चौदा हजार फुटांच्या पातळीला आला की मास्क आपोआप खाली पडतात. तो नुसता तोंडाशी धरून भागत नाही, ओढावा लागतो. ओढला की वरची पिन निघते आणि रसायनातून ऑक्सिजन तयार व्हायला लागतो. डबी तापते, जळका वास येतो, आणि लोकांना वाटतं आग लागली. पिशवी फुगत नाही म्हणून काहीजण मास्क काढून टाकतात. या दोन्ही चुकांवर पाच मिनिटांचा प्रसंग सहज उभा राहतो. हा ऑक्सिजन १२ ते १५ मिनिटं पुरतो. तेवढा पुरेसा आहे, कारण पायलट विमान दहा हजार फुटांवर चार-पाच मिनिटांत आणतो. मास्क नसेल तर ३५ हजार फुटांवर शुद्धीत राहून काही कामाचं करायला मिळतात ३० ते ६० सेकंद. 'आधी आपला मास्क, मग मुलाचा' ही सूचना त्या सेकंदांतून आलेली आहे.

आणि दाब हळूहळू गेला तर? तेव्हा धडाका नाही, धुकं नाही, काहीच नाही. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेल्या ७३७ मध्ये हेच झालं. रात्री दाबाची तपासणी करताना एक खटका 'मॅन्युअल'वर ठेवला गेला आणि तसाच राहिला. विमान चढत गेलं, केबिनमध्ये दाब भरलाच गेला नाही. भोंगा वाजला. पण त्या विमानात दोन गोष्टींना एकच भोंगा होता: एक, उड्डाणाआधी काही चुकलं असेल तर, दुसरी, केबिनचा दाब घसरला तर. वैमानिकांनी पहिला अर्थ घेतला. विरळ हवेत डोकं मंदावतं, आणि मंदावलंय हे कळायलाही डोकंच लागतं. ऑटोपायलट मात्र शिस्तीत काम करत राहिला. त्याने विमान अथेन्सला नेलं आणि तिथे घिरट्या घालत ठेवलं. ग्रीसची दोन लढाऊ विमानं शेजारी गेली, तेव्हा कॉकपिटमध्ये एक माणूस पुढे झुकून निपचित दिसला. शेवटी लहान सिलिंडरच्या जोरावर जागा राहिलेला एक केबिन कर्मचारी वैमानिकाच्या खुर्चीवर येऊन बसला, आणि त्याच वेळी इंधन संपलं. १२१ जण गेले.

वैमानिक बेशुद्ध पडला की विमान नाक खाली करून कोसळतं, हे सिनेमातलं शास्त्र. खरं विमान सरळ, गुळगुळीत, शांत उडत राहतं. यापेक्षा भीतिदायक काय असणार?

इंधन हा शब्द आला की थरारपटाचं खरं घड्याळ हाताशी येतं. बॉम्बला चिकटवलेलं लाल आकड्यांचं घड्याळ पटकथाकाराच्या मर्जीवर चालतं. टाकीतलं इंधन कुणाच्याच मर्जीवर चालत नाही. ढोबळ हिशेब मांडू. ७३७-८०० ताशी साधारण अडीच टन इंधन पितं. पुणे-दिल्लीला दोन तास धरले तर पाच टन. त्यावर पाचेक टक्के वाटेतल्या अनपेक्षितासाठी, दिल्ली बंद पडली तर जयपूर गाठण्यापुरतं, आणि शेवटी अर्ध्या तासाचं अखेरचं राखीव, ज्याला हात लावायचा नसतो. मिळून आठ-साडेआठ टन. टाकी पूर्ण भरून कुणी उडत नाही, कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. आता तासाभराने, इंदूरच्या आसपास, कुणीतरी म्हणतो, 'दुबईला चल.' उरलेलं इंधन सव्वादोन तासांचं. दुबई तिथून अडीच तासांच्या पुढे, समोरून वारा असेल तर आणखी लांब. कॅप्टन खरं सांगतोय की थापा मारतोय, हे अपहरणकर्त्याला कसं कळणार? हा संवाद बंदुकीपेक्षा धारदार होऊ शकतो, कारण दोघांपैकी एकालाच गणित येतं आणि बंदूक दुसऱ्याकडे आहे.

हे कल्पनेतलं नाही. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आणि वाटेत अपहरण झालेलं इंडियन एअरलाइन्सचं आयसी ८१४ अमृतसरला उतरलं ते इंधनासाठीच. पाऊण तासाच्या आसपास उभं राहिलं, आणि इंधन न घेताच उडालं. लाहोरला दिवे मालवलेले होते. कॅप्टन देवी शरण अंधारात जवळपास रस्त्यालाच धावपट्टी समजून उतरले असते. पुढचं दुबई, कंदाहार आणि ३१ डिसेंबरपर्यंतचे दिवस सगळ्यांना ठाऊक आहेत. त्याच अमृतसरला सहा वर्षांपूर्वी, एप्रिल १९९३ मध्ये, अपहरण झालेल्या आयसी ४२७ वर एनएसजीच्या कमांडोंनी काही मिनिटांत ताबा मिळवला होता आणि सगळे प्रवासी सुखरूप बाहेर आले होते.

जमिनीवर उभ्या विमानालाही घड्याळ असतं, आणि ते शेपटीत असतं. मुख्य इंजिनं बंद असताना वीज आणि थंड हवा देणारं लहान इंजिन तिथे बसवलेलं असतं, एपीयू. ५ सप्टेंबर १९८६ ला मुंबईहून कराचीला पोचलेल्या पॅन ॲम ७३ चं अपहरण झालं. केबिन कर्मचाऱ्यांनी इशारा देताच वैमानिक कॉकपिटच्या छतातल्या झडपेतून निसटले, त्यामुळे विमान उडवून नेणं अशक्य झालं. केबिनमध्ये बावीस वर्षांची नीरजा भनोट आणि तिचे सहकारी राहिले. त्यांनी अमेरिकी प्रवाशांचे पासपोर्ट लपवले. सोळा-सतरा तासांनी एपीयू बंद पडत गेला, दिवे मंदावले, आणि अंधार होताच गोळीबार सुरू झाला. त्या रात्रीवर काही रचायचं असेल तर सबंध वेळ पार्श्वभूमीला एपीयूची एकसुरी घरघर ठेवावी. प्रेक्षकाचा कान तिला इतका सरावावा की ती ऐकू येईनाशी व्हावी. आणि मग ती अडखळावी.

विमानपटात आवाजाकडे होणारं दुर्लक्ष न सोसण्यासारखं आहे. केबिनमध्ये सरळ उड्डाणात ८० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. तीन रांगा पलीकडची कुजबुज ऐकू येणं शक्य नाही. सिनेमात मात्र खलनायक दहाव्या रांगेत पुटपुटतो आणि नायक विसाव्या रांगेत कान टवकारतो. उलट, इंजिनाचा स्वर जरा खाली आला की नेहमीचा प्रवासी मान उचलतो. पंखांमागच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, निघतानाची ती मोटरची कुरकुर, चाकं उतरतानाचा धप्प आवाज आणि त्यामागून वाढलेला वाऱ्याचा गोंगाट, यांना क्रम असतो. तो क्रम चुकवला तरी चालेल. मुद्दाम चुकवला तर उत्तमच. चाकांचा आवाज यायला हवा तिथे आला नाही, एवढ्यावर अख्खा तिसरा अंक उभा राहील.

मारामारीविषयी थोडंसंच. विमानातली वाट कायद्याने मांडीच्या वर २० इंच आणि खाली १५ इंच असावी लागते, आणि कंपन्या कायद्यापेक्षा फार उदार होत नाहीत. वीस इंचांत हात मागे घेऊन ठोसा मारता येत नाही. कोपर, डोकं, गुडघा, सीटबेल्ट, आणि ट्रॉली, एवढीच शस्त्रं. भरलेली ट्रॉली ८०-१०० किलोपर्यंत जाते. तिला लाल पेडल ब्रेकचं, हिरवं सोडायचं. विमानाचं नाक खाली असताना कुणी हिरवं दाबलं तर ती स्वतःच निघते. सेटवर कॅमेरा फिरावा म्हणून वाट काही इंच जास्त रुंद करतात आणि भिंतींचे तुकडे काढता येतील असे बनवतात. रुंद वाट चाणाक्ष प्रेक्षकाला लगेच खटकते. त्यापेक्षा एका बाजूच्या सीटा काढून कॅमेरा तिथे ठेवावा आणि वाट तेवढीच अरुंद राहू द्यावी. कोंडी हीच तर इथली मुख्य नटी. शिवाय ७३७ च्या केबिनमधून सामानाच्या पोटात उतरायला रस्ता नसतो. नायक जमिनीतलं झाकण उचलून सुटकेसांमध्ये उतरला, की समजावं लेखक वेगळ्याच विमानात बसलाय.

ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे विमानाची ओळख जमिनीवरच्या रडारला कळवणाऱ्या यंत्राचा, सांकेतिक आकडा हा असाच तपासायला सोपा. अपहरण ७५००, रेडिओ बंद ७६००, इतर संकट ७७००. हे आकडे फक्त ० ते ७ एवढ्याच अंकांचे असतात. पडद्यावर ८ किंवा ९ दिसला की मागच्या रांगेतून 'अहो!' असा आवाज ऐकू येणारच.

राहिला तो प्रवाशाने विमान उतरवण्याचा प्रसंग. मे २०२२ मध्ये फ्लोरिडात एका प्रवाशाने कंट्रोलरच्या सांगण्यावरून लहान सेसना विमान खरंच उतरवलं. जेटमध्ये हे जमेल का? शक्यता आहे, पण वेगळ्या कारणाने: नवशिक्याने जितकं कमी करावं तितकं बरं. ऑटोपायलट चालू असेल तर योकला, म्हणजे वैमानिकासमोरच्या सुकाणूला, हात लावायचा नाही. समोरच्या पट्टीवरच्या गोल बटणांनी वेग, दिशा आणि उंची द्यायची, फ्लॅप टप्प्याटप्प्याने, चाकं वेळेवर, आणि जिथे उपकरणं भरवशाची व धावपट्टी लांब आहे तिथे ऑटोलँडला, म्हणजे विमान आपोआप उतरवणाऱ्या यंत्रणेला, सोडून द्यायचं. पण गंमत अशी की बोलायचं बटण आणि ऑटोपायलट सोडायचं बटण, दोन्ही त्याच योकवर असतात. घाबरलेला अंगठा, अनोळखी बटणं, आणि कानात शांत आवाजात 'बोला, ऐकतोय' म्हणणारा कुणी. एवढं पुरे. शहाणा कंट्रोलर अशा माणसाला दिल्लीची ४,४०० मीटरची धावपट्टी देईल. दिग्दर्शक मात्र भावनेपोटी विमान परत लोहगावलाच आणेल. तिथली धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आणि हवाई दलाची. रेडिओवर उत्तर देणारा कंट्रोलरही हवाई दलाचाच. गणवेशातला कंट्रोलर दिग्दर्शकाला आवडेलच. आणलंच, तर ते समजून घेता येईल.

मग ब्रेक, धूर, घसरगुंड्या. त्या सहा-दहा सेकंदांत फुगतात, आणि निम्मे दरवाजे बंद असतानाही ९० सेकंदांत विमान रिकामं होतं हे सिद्ध केल्याशिवाय विमानाला परवाना मिळत नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटत्या विमानातून सगळे ३७९ जण बाहेर पडले. सामान मागे सोडण्याची शिस्त त्यांच्या कामी आली. आपल्या चित्रपटात चौदाव्या रांगेतल्या काकू वरचा कप्पा उघडायला उठतात, एअर होस्टेस ओरडते, काकू हात मागे घेतात आणि घसरगुंडीकडे जातात. केबिन रिकामी. पट्टीचे दिवे लागलेले. खिशात ते पाकीट (दाब एकदम गेला नव्हता, त्यामुळे फुटलेलं नाही) आणि ते निघालं तेव्हा होतं तितकंच सैल. दिल्लीला उतरलं असतं तर अजून चारेक टक्के बसलं असतं, कारण पुणं समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवर आणि दिल्ली अडीचशेच्या आत. हा फरक डोळ्यांना दिसणार नाही, असं कुणीतरी बाहेर पडताना म्हणेलच, आणि पार्किंगपर्यंत त्यावर वाद चालेल.